उरलेले सहा मीटर

पुण्यात कोथरूडच्या ज्या रस्त्यावर मी राहते, त्याची विकास आराखड्यातली रुंदी १८ मीटर आहे. बंगल्यांच्या सोसायट्या होत्या तेव्हा ती ऐसपैस वाटायची. मग बंगल्यांच्या जागी तीन मजली इमारती आल्या, आता पुनर्विकासात त्याच प्लॉटवर दहा-बारा मजले चढत आहेत. माणसं वाढली, गाड्या त्याहून वाढल्या, रस्ता तेवढाच राहिला. दोन चौकांमधल्या या जेमतेम किलोमीटरभर पट्ट्यात शाळा आहे, बँक आहे, दवाखाने आहेत, एक मंगल कार्यालय आहे, पीएमपीचा थांबा आहे आणि सोनमोहराच्या सावलीत भाजी-फुलांच्या पथाऱ्या आहेत.

गेल्या पावसाळ्यापासून इथले काही रहिवासी आणि दुकानदार मिळून या पट्ट्याचा आराखडा करत आहेत. कुणी नेमलेलं नाही, कुणी मानधन देत नाही. टेप, खडू, वह्या आणि स्वतःचा वेळ एवढंच भांडवल. बैठकांचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे. त्यातली दोन माणसं पहिल्या बैठकीपासून एकमेकांशी वाद घालत आली आहेत, आणि आराखड्यात जे काही चांगलं उतरलं आहे ते बहुतेक त्या वादातूनच उतरलं आहे, असं माझं मत आहे.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. ताई शाळेसमोरचं वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवतात. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. काकांनी त्यांना फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेलं, त्यामुळे ते अगं-तुगंच करतात. खालचं बोलणं एका दिवसाचं नाही. निरनिराळ्या बैठकांतलं, मुद्द्यांच्या ओघाने जोडून घेतलं आहे.

काका : मी सुरुवातीलाच सांगतो, मला ठिगळं नकोत. चौकापासून चौकापर्यंत एकच आराखडा हवा. अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय आपल्या महापालिकेने २००६ मध्ये केली. सोय चांगली आहे. पण बरीच वर्षं एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती. पाच लाखांत काय होतं? आपापल्या गेटसमोरचे पेव्हर ब्लॉक. आता बघ, एका सोसायटीपुढे लाल ब्लॉक, दुसरीपुढे पिवळे, तिसरीपुढे जुनी शहाबादी. आणि प्रत्येक गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो, पुन्हा वर चढतो.

ताई : ठिगळं मलाही नकोत, काका. पण तुम्ही अख्खा पट्टा म्हणता तेव्हा मला पुढचं सगळं दिसायला लागतं. सल्लागार नेमणार, नकाशे होणार, निविदा निघणार, मग कुणीतरी हरकत घेणार. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढची काही वर्षं प्रशासकाचा कारभार. आपलं गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे, तेच कळत नव्हतं. तेवढ्या वेळात माझ्या दुकानासमोर पहिलीत आलेलं पोर पाचवीत गेलं. मला शाळेच्या फाटकापुढचे पन्नास मीटर आधी हवेत.

काका : आणि पन्नास मीटर चालून झाल्यावर ते पोर जाणार कुठे? पुढे फूटपाथ तुटला की रस्त्यावरच उतरणार. सलग असेल तरच त्याला फूटपाथ म्हणायचं.

या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूची आहे, आणि त्याला कारण आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एक आजी. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. पेन्शनच्या कामाला त्या स्वतः बँकेत जातात. त्यांना विचारून आम्ही टेप घेऊन त्यांच्या मागोमाग चाललो. गेटबाहेर फूटपाथवर चढताना त्यांनी कंपाउंडच्या भिंतीचा आधार घेतला. तिथला कर्ब, म्हणजे फूटपाथची उभी कड, मोजला, तो फुटाला थोडाच कमी भरला. दहा-बारा पावलांवर महावितरणचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, त्याचं दार उघडं लोंबकळतंय. वळसा घालायला त्या खाली उतरल्या, पुन्हा वर चढल्या. पुढे ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण, आजूबाजूच्या ब्लॉकपेक्षा चार बोटं वर. मग दुकानाची पायरी, पायरीला टेकवलेला स्कूटर चढवायचा लोखंडी रॅम्प, आणि त्यापुढे बुंध्यापर्यंत सिमेंटने आवळलेलं झाड. तिथे आजींनी फूटपाथचा नाद सोडला. कडेला लावलेल्या मोटारींच्या बॉनेटवर एकामागून एक हात टेकवत त्या डांबरावरून निघाल्या. मागून बस आली तेव्हा दोन मोटारींच्या मधल्या फटीत शिरून उभ्या राहिल्या, बस गेल्यावर पुन्हा चालू लागल्या. इतक्या सराईतपणे, की हे त्यांच्यासाठी रोजचं आहे हे सांगायला लागलं नाही.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मेले. अपघातात गेलेल्या दर पाच माणसांमागे जवळजवळ एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अडथळ्यांविना, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आजींच्या मागून चालल्यावर तो निकाल मला निराळ्या तऱ्हेने कळला.

काका : इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम काय सांगतात? चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची. दुकानांच्या रस्त्याला रुंदी अडीच मीटर धरायची. कर्ब १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको. महापालिकेने स्वतः २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं, रस्त्यांच्या रचनेची तत्त्वं छापली. मी पदरचं काही मागत नाही. त्यांच्याच कागदावरचं मागतोय.

ताई : कागदाप्रमाणे केलेलं कामही बघून आले मी. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद झाला, बसायला बाक आले, मुलांना खेळायला जागा झाली. मुलाला घेऊन मुद्दाम गेले होते. फार बरं वाटलं. आणि संध्याकाळी त्याच फूटपाथवरून दुचाक्या जाताना पाहिल्या.

काका : त्याला बोलार्ड असतात. वाटेत रोवलेले बुटके खांब.

ताई : दोन बोलार्डमध्ये अंतर किती ठेवायचं?

काका : व्हीलचेअर जायला हवी. साधारण १.२ मीटर.

ताई : व्हीलचेअर जाईल तिथून अ‍ॅक्टिव्हाही जाते, काका. म्हणजे तिथे कुणीतरी उभं राहून 'खाली उतरवा' म्हणणारं लागतं. नकाशात तो माणूस कुठे दाखवणार?

काकांनी यावर उत्तर दिलं नाही, पण पुढच्या वेळी येताना ते जंगली महाराज रस्त्याचीच दुसरी गोष्ट घेऊन आले. १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने तो रस्ता केला तेव्हा दहा वर्षांची हमी लिहून दिली होती, आणि हमी संपल्यावरही कित्येक वर्षं त्याला खड्डा पडला नाही. पुण्यात ही गोष्ट नवलाची म्हणून सांगतात. काकांचं म्हणणं, नवल कसलं? हमी मागितली होती आणि देणाऱ्याने ती पाळली. आपल्या मागणीपत्रातही दोष दायित्व कालावधी ठळक अक्षरात हवा, आणि त्या काळात कोणती दुरुस्ती कुणी करायची हेही. ताईंनी त्यात स्वतःची एक ओळ घालायला लावली : काम झाल्यावर दर तीन महिन्यांनी रहिवासी आणि क्षेत्रीय कार्यालयाचे अभियंते यांनी मिळून पट्टा चालत पाहायचा. मला ही ओळ अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. रस्ता बांधून मिळवणं एक वेळ जमतं. तो तसाच राखायला शेजाऱ्यांना वर्षानुवर्षं त्याच्यामागे राहावं लागतं.

पथाऱ्यांच्या विषयावर मात्र आवाज चढले.

काका : मला त्या बायकांविषयी आकस नाही. पण फूटपाथ चालण्यासाठी आहे. त्यांना मंडईत गाळे द्या, नाहीतर फेरीवाला क्षेत्रात जागा द्या.

ताई : २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्रं. तोवर उठवता येत नाही. आणि जागा ठरवणाऱ्या समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले असायला हवेत. आपण रहिवासी ठरवणार आणि त्या उठणार, असं आता चालत नाही. पुण्यात तर हे सांगायलाच नको. बाबा आढावांच्या पथारी व्यावसायिक पंचायतीने कायदा यायच्या कितीतरी आधीपासून हा प्रश्न लावून धरलेला आहे.

काका : कायदा मीही वाचला. माझी भीती वेगळी आहे. आज इथे चार पथाऱ्या आहेत. आपण जागा आखून दिली की दिवाळीत दहा होतील.

ताई : दिवाळीत दहा होतात त्या जागा आखलेली नाही म्हणून. चौकोन आखा, नंबर घाला. चौकोनाबाहेर कुणी बसलं तर फुलवाल्या मावशीच त्याला उठवतील, आपल्याला जावं लागणार नाही. आणि एक सांगू? संध्याकाळी मी आठला शटर ओढते. मावशींचा दिवा साडेनऊपर्यंत असतो. क्लासवरून येणाऱ्या मुली पलीकडचा रिकामा फूटपाथ सोडून ह्याच बाजूने येतात, त्या दिव्यामुळे.

काका : मग चालायच्या अडीच मीटरला हात लावायचा नाही. झाडांच्या ओळीत, दोन बुंध्यांच्या मधे बसवा.

ताई : तेच म्हणतेय मी!

हे बोलणं रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये चाललं होतं. रविवारची सकाळ ही फुलांच्या विक्रीची मुख्य वेळ, त्यामुळे ज्यांच्याविषयी बोलत होतो त्यांपैकी कुणीच तिथे नव्हतं. ताईंनी पुढची बैठक मधल्या वारी दुपारी अडीचला, थेट झाडाखाली घ्यायला लावली. नोकरी करणारे काहीजण येऊ शकले नाहीत, त्यावर कुरकुरही झाली. पण मावशी आल्या, भाजीवाले आले, शाळेच्या रिक्षांचे काका आले, मंगल कार्यालयाचे वॉचमन आले. मावशींनी जागेच्याही आधी विचारलं ते स्वच्छतागृहाचं. सकाळी सहापासून रात्रीपर्यंत त्या इथे असतात आणि जवळचं स्वच्छतागृह दोन चौक सोडून आहे, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. तोवरच्या आराखड्यात बाक होते, सायकल स्टँड होता, झाडांभोवती पार होते. आता बसथांब्याजवळ महिलांचं स्वच्छतागृह आहे, आणि ते यादीत वरच्या क्रमांकावर आहे.

रिक्षावाल्या काकांनी आणखी एक सांगितलं. शाळा सुटताना कोंडी होते ती रिक्षांमुळे नाही. त्यांची वेळ आणि जागा ठरलेली आहे. एकेका मुलाला न्यायला आलेल्या मोटारी दुहेरी रांगेत थांबतात, त्याने रस्ता भरतो. ताईंनी दुकानाच्या काउंटरवरून आठवडाभर वहीत रेघा मारून हे पडताळून पाहिलं. रिक्षावाले काका बरोबर होते.

मग आला तो खडूचा दिवस. पहाटे वाहतूक नसताना काकांनी दोन कंपाउंडच्या भिंतींमध्ये टेप ताणायला लावला आणि डांबरावर आडवा छेद आखायला घेतला. शाळेतली चार-पाच मुलं मदतीला होती.

काका : अठरा मीटर. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर चालायला. गेले पाच. उरले?

मुलं : तेरा!

काका : बस जाते, म्हणून एक लेन साडेतीन मीटरची. येणारी एक, जाणारी एक. गेले सात.

मुलं : सहा!

काका : आता ह्या सहा मीटरमध्ये झाडं, दिव्याचे खांब, डीपी, बसथांबा, पथाऱ्या, बाक, स्वच्छतागृह. त्यांना दोन्हीकडे दीड-दीड मीटरची पट्टी. उरले तीन. अर्धा मीटर दुकानांच्या पायऱ्यांना. उरले अडीच.

ताई : अडीच मीटर म्हणजे मोटारींची एक रांग.

काका : एक रांग. एका बाजूला.

आज दोन्ही बाजूंना मोटारी असतात. सम-विषम तारखेची पाटी आहे, पण तिच्यावरचा रंग उडाला आहे आणि ती पाळल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. खडूची रेघ मुलांनी ओढली तेव्हा एका बाजूच्या सगळ्या मोटारी रेघेच्या चुकीच्या अंगाला उभ्या होत्या. त्या आमच्याच होत्या. बैठकीला येणाऱ्यांच्या, बैठकीत फूटपाथ मागणाऱ्यांच्या.

त्यानंतरच्या बैठकीला गर्दी वाढली आणि बोलण्याचा सूर बदलला. पाहुणे आले तर गाडी कुठे लावायची, रात्री डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर काय, आम्ही रोड टॅक्स भरत नाही का. कुणी म्हणालं, त्यापेक्षा रस्ताच रुंद करून घ्या.

काका : रुंद कुठून करणार? दोन्ही बाजूंना इमारती आहेत. २०२० मध्ये महापालिकेत सहा मीटरचे तीनशेहून जास्त रस्ते नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला, त्यावर किती गदारोळ झाला आठवतं ना? आणि नळ स्टॉपला मेट्रोखाली दुसरा पूल बांधला, २०२२ ला सुरू झाला. गर्दी संपली का? ती पुलाच्या तोंडाशी येऊन थांबते. जागा वाढवली की तिच्यात गाड्याच येणार. देशाचं नागरी वाहतूक धोरण २००६ पासून सांगतंय, रस्ता माणसांच्या ये-जेसाठी आखा, वाहनांच्या नाही.

ताई : त्याच वर्षी मार्चमध्ये वनाझहून मेट्रोही सुरू झाली. आपल्यातल्या किती जणांना स्टेशनपर्यंत चालत जाता येईल? जाता येईल, पण जात नाहीत. मधे चालायला रस्ता नाही म्हणून गाडी काढतात, आणि गाड्या उभ्या असतात म्हणून चालायला रस्ता नाही.

काका : पार्किंगला पैसे लावायला हवेत. मोफत जागा कधीच पुरत नाही.

ताई : मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं होतं ना. विरोध झाल्यावर रात्रीचं शुल्क वगळलं, मोजक्या रस्त्यांवर करून बघू म्हणाले, मग तेही रेंगाळलं. विरोध करायला आपल्यासारखेच लोक होते. पथारी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद. मोटारीला पाच बाय अडीच लागतात. एका मोटारीच्या जागेत आठ पथाऱ्या बसतात, काका. आणि त्या आठ घरं चालवतात. मावशींना 'इथून उठा' म्हणायचं असेल तर आधी आपली गाडी उठवावी लागेल.

इथे मला माझं म्हणणं मांडायचं आहे, कारण इतिवृत्तात ते लिहिता येत नाही. नागरिकांनी केलेले बहुतेक आराखडे मागण्यांच्या याद्या असतात. महापालिकेने हे द्यावं, पोलिसांनी ते हटवावं, व्यापाऱ्यांनी मागे सरकावं. अठरा मीटरच्या रस्त्यावर एकाला दिलेला प्रत्येक अर्धा मीटर दुसऱ्याकडून घ्यावा लागतो, आणि घेण्याची सुरुवात ज्याच्याकडे सगळ्यात जास्त आहे त्याच्यापासून केली नाही तर आराखड्याला नैतिक बळ राहत नाही. आमच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त जागा आमच्या उभ्या मोटारींकडे आहे. अतिक्रमण विभागाच्या गाडीत त्या कधीच चढत नाहीत, म्हणून ते अतिक्रमण आहे असं कुणाला वाटत नाही.

काकांनी हे माझ्याआधी ओळखलं. त्यांच्या इमारतीसमोर करड्या कव्हराखाली एक मोटार उभी असते. मुलगा परदेशी गेला तेव्हा ठेवून गेलेली. कव्हरवर सोनमोहराची पिवळी फुलं आणि पानांचा थर साचतो, चाकांभोवती माती धरून त्यात गवत उगवलं आहे. महिन्यातून एकदा काका ती चालू करून बॅटरी तपासतात आणि पुन्हा झाकून ठेवतात.

काका : ती गाडी मी विकतो. मुलाशी बोललो. तो म्हणाला, बाबा, मी आलो तर रिक्षाने फिरेन.

ताई : काका, एवढं मनाला लावून घेऊ नका.

काका : मनाला नाही लावलं. साडेबारा चौरस मीटर आहेत ते, अगं. मी हिशेब करायला शिकवला पोरांना, आणि माझीच गाडी हिशेबाबाहेर?

ताई : मग माझी पायरीही घ्या. बाबांनी बांधली तेव्हा रस्ता खाली होता. डांबराचे थर चढत गेले आणि पायरी बाहेर येत गेली. ती काढून आत घेते. दुकानात जागा कमी होईल, होऊ दे.

काका : पायरी नुसती तोडू नकोस, पाणी आत येईल. उतार मी काढून देतो.

पाणी हा काकांचा जिव्हाळ्याचा विषय. ते त्यावर बोलू लागले की मी वहीत जास्त पानं सोडते. रस्त्यावर थरावर थर चढवत गेल्यामुळे जुन्या इमारतींची जोती रस्त्याच्या खाली गेली. फूटपाथवर भिंतीपासून भिंतीपर्यंत ब्लॉक बसवल्यामुळे पाणी मुरायला जागा उरली नाही. पावसाळी गटाराच्या जाळ्या कचऱ्याने तुंबल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा काका शेजारच्या तरुणांना घेऊन आपल्या रस्त्याच्या उताराची पाहणी करत फिरले होते. त्यांचा आग्रह असा, की झाडांची दीड मीटरची पट्टी कुठेही सिमेंटने झाकायची नाही. बुंध्याभोवती किमान मीटरभर माती उघडी, आणि फूटपाथचा उतार झाडांकडे. चालणाऱ्याला मिळालेली जागा आणि जमिनीत मुरलेलं पाणी एकाच छेदात बसलं पाहिजे. डांबर नव्याने टाकताना आधी जुना थर खरवडून काढायचा, ही अट त्यांनी दोनदा अधोरेखित केली आहे.

परवानग्यांचं थोडक्यात सांगते, कारण ते कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही. फूटपाथ पथ विभागाचा, झाडं उद्यान विभागाची, दिवे विद्युत विभागाचे, डीपी महावितरणचा, चेंबर मलनिःसारण विभागाचं, थांबा पीएमपीचा, पथाऱ्या अतिक्रमण विभागाकडे. आणि पार्किंग कुठे असावं, कुठे नसावं, याचा आदेश निघतो वाहतूक पोलिसांकडून, हरकती-सूचना मागवून. सगळ्यांना एकदम रस्त्यावर आणून पट्टा चालत दाखवायचा, असं ठरलं आहे. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयाला पत्र गेलं आहे. काकांनी नकाशा जोडला, ताईंनी वहीतल्या रेघांचा तक्ता जोडला.

वाद अजून एका ठिकाणी शिल्लक आहे. काकांना काँक्रीटचं पक्कं काम एका दमात हवं. ताईंना आधी चाचणी हवी : शंकू, रंग, दोरी आणि काही आठवडे. त्यांनी औंधचं उदाहरण दिलं. तिथे २०१६ मध्ये पक्कं बांधकाम करण्याआधी तात्पुरते अडथळे लावून नवी रचना आजमावून पाहिली होती.

काका : औंधमध्ये तरी सगळे खूश कुठे झाले? पार्किंग गेलं म्हणून दुकानदार नाराज होतेच.

ताई : होते. पण चाचणीमुळे आधी कळलं, कुठे कुणाचं अडतंय ते. रंगाची रेघ खोडता येते. काँक्रीट फोडायला पुन्हा निविदा काढावी लागते.

काका : रंगाची रेघ कोण पाळतो?

ताई : तुमची गाडी गेलेली दिसली की पाळतील. निदान दहा जण तरी. आणि ज्या दहा जणांनी पाळली, ते अकराव्याला सांगतील.

काका : बरं. चाचणी चार आठवड्यांची. त्यात एकदा तरी लग्नाची तिथी यायला हवी, मंगल कार्यालयाची गर्दी दिसली पाहिजे. पार्किंगची रांग कुठल्या बाजूला ठेवायची?

ताई : माझ्या बाजूला नको. शाळेचं फाटक आहे. मोटारींच्या मधून पोरं एकदम बाहेर येतात, बसवाल्याला दिसत नाहीत. तुमच्या बाजूला ठेवा.

काका : म्हणजे तुझ्या दुकानासमोर एकही गाडी लागणार नाही. जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे न्यायला गिऱ्हाईक येणार कसं?

ताई : समोर लावतील आणि ओलांडून येतील. म्हणून फाटकासमोर ओलांडायची जागा फूटपाथच्या उंचीची हवी, गाड्यांनी चढून उतरायचं. तेच आधी करायचं, फूटपाथ त्यानंतर.

काका : त्याच्या दोन्ही कडांना पाणी जायला नळी टाकावी लागेल, नाहीतर पहिल्या पावसात तळं होईल. मी छेद काढतो. इतिवृत्तात लिहा : क्रमांक एक, शाळेसमोरचं क्रॉसिंग. पण आराखडा चौक ते चौकच राहील.

ताई : राहू दे की. मी कुठे नको म्हणाले?